दोन चंद्रांची भरती

मी एक जुनी सागवानी फळी आहे. हसू नका, मित्रांनो. बक्षिसे मिळवणाऱ्या विज्ञानकादंबऱ्या लेखिकेच्या डोक्यात जन्मल्या असतील, पण कागदावर उतरल्या त्या माझ्या पाठीवर.

माझी पहिली वीस वर्षे कोलशेतच्या दामाजी कोळ्याच्या होडीत गेली. मी होडीच्या बाजूची, सतत पाण्याला लागलेली फळी. त्यामुळे भरती-ओहोटी मला कुणी शिकवावी लागली नाही. दामाजी भरतीची वेळ बोटांवर काढायचा. तिथीची पाऊणपट करायची, की झाले. अष्टमी असेल तर भरती सहाला. हे गणित त्याच्या लेकीला, मंदाकिनीला, पाढ्यांच्याही आधी पाठ झाले.

१९८२ साली होडी मोडीत निघाली. माझ्या बहिणी चुलीत गेल्या. मला मात्र मंदाकिनीने उचलले, घासून गुळगुळीत केले आणि मांडीवर घेऊन ती लिहायला बसली. ती खोपटच्या एसटी आगारात कारकून होती. रोज सकाळी कामावर जाण्याआधी तासभर ती यंत्रमानव आणि परग्रह यांत रमायची. खरे सांगते, मला आधी वाटले, पोरगी कामातून गेली! पुढे मलाच तिच्या गोष्टींची गोडी लागली.

तिच्या कथा दिवाळी अंकांकडे जायच्या आणि ‘साभार परत’ची चिठ्ठी घेऊन माघारी यायच्या. सहा वर्षांत अशा अकरा चिठ्ठ्या आल्या.

“जालं टाकीत रव, पोरी,” दामाजी म्हणायचा. “रोज काय म्हावरं गावतं?”

१९८९ मध्ये एका संस्थेने विज्ञानकादंबरीची स्पर्धा जाहीर केली. मंदाकिनी आईला, जनाबाईला म्हणाली, “आई, ही शेवटची. परत आली तर लिहिणं बंद.”

कादंबरी दोन चंद्र असलेल्या ग्रहावरची होती. तिथे माणसांनी कोळीवाडा वसवलेला. शेवटी नायिकेला ऐन भरतीला होडी खाडीत आणून सगळ्यांना वाचवायचे असते. मंदाकिनीने सवयीने तिथी धरली, पाऊणपट केली आणि दीड वाजता भरती आणून मोकळी झाली. माझ्या अंगावर चूक लिहिली जात होती आणि मला तोंड नव्हते. फळीच्या जन्माचा इतका राग मला कधी आला नाही.

मुदत संपायला आठ दिवस होते. रविवारी दुपारी जनाबाई जवळा निवडत होती आणि मंदाकिनी तिला शेवट वाचून दाखवत होती. जनाबाईचा हात थांबला.

“मंदे, तुजे त्या गावान चांद दोन हान ना?”

“हो गं आई.”

“मंग तिथी कंच्या चांदाची धरलीस?”

मंदाकिनीने कपाळाला हात लावला. आधी तिच्या डोळ्यांत पाणी आले, मग ती इतकी हसली की मी मांडीवरून घसरले. शेवटची चाळीस पाने तिने फाडली आणि आठ दिवसांची रजा टाकली. मायलेकींनी माझ्यावर ग्रह म्हणून तांब्या ठेवला आणि त्याच्याभोवती चंद्र म्हणून दोन कांदे फिरवले. दोन्ही कांदे एका रेषेत आले की मोठे उधाण, एक समोर आणि दुसरा आडवा गेला की पाणी मंद. कांद्याचा वास माझ्या अंगाला महिनाभर होता. पण मला त्याचे काहीच वाटले नाही. नवा शेवट पहिल्यापेक्षा कितीतरी रंगला. शेवटच्या दिवशी मंदाकिनी स्वतः संस्थेच्या कचेरीत जाऊन हस्तलिखित देऊन आली.

कादंबरीला पहिला पुरस्कार मिळाला. ठाण्यातल्या समारंभाला मी नव्हते, पण दामाजीने तो इतक्या वेळा सांगितला, की मला तो पाठ आहे. परीक्षक भौतिकशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांनी विचारले, “भरतीचं गणित चोख आहे. सल्ला कुणाचा घेतलात?” मंदाकिनीने जनाबाईला हात धरून मंचावर नेले.

“मी काय केला नाय,” जनाबाई माइकसमोर म्हणाली. “पोरीनं वाचला, मी आयकला.”

टाळ्या थांबेनात म्हणे.

पुढे मंदाकिनीने सहा कादंबऱ्या लिहिल्या, आणखी दोन पुरस्कार मिळवले आणि नोकरी सोडली. १९९७ मध्ये घरात संगणक आला. मी दाराआड गेले. वर्षभर धूळ खात रुसून बसले. मग जनाबाईचे गुडघे दुखू लागले आणि दोन विटांवर मला टाकून तिने बसायला घेतले. आता प्रत्येक नवी कादंबरी आधी तिलाच वाचून दाखवली जाते. ती मध्येच अडवते तेव्हा मंदाकिनी खूश होते. आई गप्प राहिली की मात्र घाबरते.

मित्रांनो, जुन्या लाकडाला वर्षातून एकदा तेलाचा हात फिरवा, ते तुमच्या नातवंडांनाही पुरेल. आणि काही लिहिलेत, तर आधी घरातल्या कामात असलेल्या माणसाला वाचून दाखवा. त्याने चूक काढली तर फुरंगटू नका. त्या रविवारी मंदाकिनी रागावून उठली असती, तर आज ती लेखिका नसती आणि मीही बहिणींसारखी चुलीत गेले असते, तिची गोष्ट सांगायला उरले नसते.