काळी बाहुली नाही, रूफटॉप रे

खरं सांगू मित्रांनो? हे लिहिणारच नव्हतो. प्लास्टिकच्या खेळण्याचं कोण ऐकतं! पण आज माळ्यावरचा खोका उघडला आणि राहवलं नाही.

मी एक जुना सुपरहीरो आहे. वीतभर उंच, आता एकाच हाताचा. नाव रूफटॉप रे. कार्टूनमधला रे शिकागोचा, आफ्रिकन-अमेरिकन. छपरांवरून उड्या मारत लोकांना वाचवायचा. मी त्याचा पुतळा, इंग्लंडमधल्या स्लाऊ गावच्या एका दुकानातला. कुशला बर्थडेला मिळालो.

शाळेत बाकीची पोरं कुश आणि त्याचा मित्र मार्लन यांना खेळात कायम चोर करायची. मार्लनची आजी जमैकाची, कुशचे आईबाबा नागपूरचे. मी कुशच्या खिशातून प्लेग्राउंडवर गेलो आणि मार्लन ओरडला, "हा तर माझ्यासारखा दिसतो! आज आपण हीरो!" त्या दिवसापासून दोघं चोर झालेच नाहीत. काय दिवस होते ते!

मग कुशच्या आईबाबांनी नवीन घर घेतलं. नागपूरहून वरदाआत्या आल्या. दाराला काळी बाहुली हवी, ती आणायची राहिली. खेळण्यांच्या टोपलीत त्यांना मी दिसलो. काळाच आहे की! पायाला दोरा, सोबत लिंबू-मिरच्या, आणि मी दारावर उलटा. पाठीवरची केपसुद्धा तोंडावर आली.

नेमका कुश मार्लनला घर दाखवायला घेऊन आला. मार्लन दारातच थांबला.

"तुमच्याकडे रेला असं लटकवतात?" एवढंच म्हणाला आणि परत निघाला.

कुश रडायलाच लागला. "आत्या! तो बाहुली नाहीये! तो माझा हीरो आहे!"

"काऊन ओरडून राहिला रे? काळं लावलं की वाईट बाहेर राहते."

कुशने धावत जाऊन मार्लनला ते इंग्लिशमध्ये सांगितलं. मार्लन वळला. "ते काम रे करतोच. पण पाय वर करून कसं करणार?"

कुशने मराठीत सांगितल्यावर आत्या हसल्या नाहीत. मला खाली उतरवलं, पदराने पुसलं, मार्लनच्या हातात दिलं. "सॉरी, बेटा." मार्लनने मला दाराशेजारच्या खिडकीत उभं केलं. सरळ. मगच तो आत आला.

दोघं खेळायला बाहेर निघाले तेव्हा आत्या सवयीने म्हणाल्या, "कुश, उन्हात नको खेळू, काळा होशील."

"हो ना! रेसारखा!"

कुशने अर्थ सांगितल्यावर मार्लन पोट धरून हसला.

पुढे पोरांच्या हाती मोबाइल आले, माझा हात तुटला, मी खोक्यात गेलो. वर्षानुवर्षं अंधार. आज कुश नोकरीसाठी नॉटिंगहॅमला निघालाय. मी चॅरिटीला द्यायच्या पिशवीत पडलो होतो. मदतीला आलेल्या मार्लनने मला बाहेर काढलं. तो आता कॉव्हेंट्रीत नर्सरीत शिकवतो.

"याला वर्गात नेऊ?"

कुशने माझी केप सरळ केली आणि मान डोलावली.

मित्रांनो, कुणाला टांगायच्या आधी निदान त्याचं नाव तरी विचारा. आणि कुश, दोस्ता, तुला शब्द देतो: मार्लनच्या वर्गात कुठलंच पोरगं रोज रोज चोर होणार नाही. एक हात पुरेल मला.