काठाच्या सावलीतली बाई

तेपाएरू तीस वर्षांनी आपल्या बेटावर, ओमोका गावी परतली ती बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा घेऊन. ऑकलंडला तिचे काका वारले, त्यांच्या कपाटात तो निघाला. आत जुने फोटो, आणि एकाच्याही मागे नाव नाही. ती माणसं ओळखेल असं आता बेटावर एकच जण उरलं होतं, तिची उपोकोइना मावशी. नव्वदीला टेकलेली.

दुपार कलली की दोघी ओसरीवर चटई टाकून बसत. समोरचं पाणी इतकं निवांत, की बेट आभाळातच तरंगतंय असं वाटे. मावशी फोटो डोळ्यांशी नेई, नाव सांगे; तेपाएरू पेन्सिलीनं मागे हलकेच लिही. मधेच मावशीला डुलकी लागे. जागी झाली की गेलेल्या माणसांच्या गोष्टी अशा पुढे सुरू करी, जणू ती आत्ताच तिला भेटून गेली.

चौथ्या दिवशी चर्चबाहेरच्या सहा बायकांचा फोटो निघाला. बुरशीनं चेहरे खाल्लेले. तेपाएरूनं तो बाजूला सारला.

"का गं ठेवलास?"

"तोंडंच नाहीत मावशी. ओळखणार कशी?"

"तोंडं नसली तर नसू देत, टोप्या आहेत ना! आण इकडे."

माडाच्या कोवळ्या पातीच्या पांढऱ्या टोप्या विणण्यात मावशीची हयात गेली होती. भिंग धरून ती एकेकीवर बोट ठेवू लागली. "ही वाइने. हिची वीण सैल, जिभेसारखीच. ही पाद्रीबाई. टोपी माझी, मिरवली हिनं!"

तेपाएरू हसत लिहीत होती. पाचव्या टोपीवर मावशीचं बोट थबकलं.

"माशाच्या काट्याची नक्षी. ही मी जन्मात एकदाच विणली. मेतुआच्या लग्नाला."

मेतुआ म्हणजे तेपाएरूची आई. बाळंतपणानंतर तिसऱ्या दिवशी गेली. तिचा फोटो कुठेच नाही, हे ऐकतच लेक साठीला आली होती.

आताही चेहऱ्याच्या जागी टोपीच्या काठाची सावली आणि एक पिवळा डाग. पण डावं पाऊल किंचित आत वळलेलं होतं, थेट तेपाएरूसारखं. आणि हात पोटावर.

"मावशी, हा कधीचा?"

"नाताळातला. तू फेब्रुवारीतली."

"म्हणजे मी..."

"म्हणजे काय म्हणजे? दोन नावं लिही. आणि ठळक लिही बाई, मला वाचायचंय."

आईचं नाव नीट उमटलं. स्वतःचं लिहिताना मात्र अक्षरं तिरकी झाली. फोटो तिनं मांडीवर घेतला.

"ती बोलायची कशी, मावशी?"

"भराभर. आणि नको तेव्हा गायची." डोळे मिटून मावशी काहीतरी गुणगुणू लागली. चाल अर्धवटच आठवत होती, तरी ती थांबली नाही.

सहावी बाई त्या दिवशी तशीच बिननावाची राहिली.