नवरीचं नाव

आमच्याकडे लग्नाच्या गाण्यात नवरीचं नाव घालून गातात. माझ्या लेकीच्या, रविनाच्या लग्नात मी गायले. तळोद्याच्या एका स्टुडिओवाल्याने ते रेकॉर्ड केलं आणि गाणं गावोगावच्या लग्नांत डीजेवर गाजलं. वर्षाच्या आत रविना बाळंतपणात गेली.

मी स्टुडिओत जाऊन भांडले, "तिचं नाव काढा, नाहीतर गाणंच बंद करा!"

"रेवाबाई, गाणं आता म्युझिक कंपनीचं आहे, बंद होणार नाही," तो म्हणाला. "पण जितक्या वेळा वाजेल, तितकी रॉयल्टी तुम्हाला मिळेल. तसा कागद आहे."

आग लागो त्या कागदाला! पैसे मात्र दरवर्षी खात्यात येतात. यंदा दुप्पट आले. माझी मेलेली पोर यंदा दुप्पट मांडवांत नवरी झाली.