दोन्हीकडची पिहला

दर शुक्रवारी पिहलाच्या पोटात दुखायचं. शुक्रवार हा घर बदलायचा दिवस. आईवडिलांचा घटस्फोट झाल्यापासून ती एक आठवडा आईकडे आणि एक आठवडा बाबाकडे राहायची. कुओपिओ शहरातल्या तळ्याच्या या काठाला एक घर, त्या काठाला दुसरं.

बाबाकडे, म्हणजे तार्मोकडे आली की ती बूट काढता काढताच सुरू व्हायची. "आईकडचं सूप खारट असतं. तिकडे मला झोपच लागत नाही." तार्मो वरवर "असं बोलू नये" म्हणायचा, पण आतून सुखावायचा. लेक आपली आहे, असं वाटायचं त्याला.

एका शुक्रवारी शाळेतल्या नर्सबाईंनी दोघांनाही बोलावून घेतलं. पिहला आत पोट धरून पडून होती. बाहेर कोट टांगायच्या खुंट्यांपाशी तार्मो आणि तिची आई हेल्का समोरासमोर आले.

"तिला जरा नीट खायला घाल," तार्मो म्हणाला. "सूप तोंडात घालवत नाही म्हणते."

"आणि तुझ्याकडे? रोज तोच थंडगार पिझ्झा, सौना तर कधी तापतच नाही म्हणे!"

"मी? काल संध्याकाळीच तापवला होता! तापल्या दगडांवर दोनदा पाणी ओतून वाफ काढली तिने, खिदळत होती नुसती."

"अरे, माझ्याकडे ती सूप दोनदा मागून घेते," हेल्का म्हणाली आणि मध्येच थांबली.

दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. आठ वर्षांची पोर प्रत्येकाला हवं तेच ऐकवत होती. हेल्काने तोंडावर हात ठेवला. तार्मोला स्वतःची लाज वाटली. इतके महिने तो ते चवीने ऐकत आला होता.

पुढच्या खेपेला पिहला त्याच्याकडे आली तेव्हा बूट काढतानाच म्हणाली, "आईकडचं सूप ना..."

"मला फार आवडायचं ते," तार्मो म्हणाला. "बडीशेपेचा पाला भरपूर घालते ती. तुलाही आवडलं तर मला काही वाईट वाटणार नाही हं."

पिहला एक बूट हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली. विश्वास बसत नव्हता तिचा.

"आणि तिकडचा पलंग जास्त आवडला तर?"

"तर आवडला."

"ओस्मोचे पॅनकेक?" ओस्मो हा हेल्काचा नवा मित्र.

हे मात्र तार्मोला लागलं. तरी त्याने विचारलं, "काय घालतो तो त्यात?"

"वेलची! आणि तो उलटताना जमिनीवर पाडतो!" मग ती सुटलीच. बोलता बोलता मध्येच रडायला लागली, कशासाठी ते तिलाही सांगता येईना. तार्मो तिथेच दारात फतकल मारून बसला आणि त्याने तिला जवळ घेतलं.

दुखणं एका दिवसात गेलं नाही. पण रविवारी गोठलेल्या तळ्यावर दोघं स्की करून आली, तेव्हा ती म्हणाली, "आईला फोन करू? आत्ता?"

"कर की."

ती स्वयंपाकघरातल्या टेबलावर पाय हलवत बसली. "आई, बाबा दोनदा आपटला! तेही सपाटीवर!"

फोनमधून हेल्काचं हसू ऐकू आलं. तार्मोला ते अजून बोचत होतं. तरी त्याने भांडी घासता घासता ओरडून सांगितलं, "दोनदा नाही, तीनदा!"