सोडा त्याला

त्याला सगळे पान्या म्हणत. शाळेत असताना दप्तरात पुस्तकांऐवजी वडिलांचा पाना सापडला, तेव्हा चिकटलेलं हे नाव चाळिशी उलटली तरी सुटलं नव्हतं. पान्या आणि त्याचा मोठा भाऊ लिफ्टची दुरुस्ती करत. साठेक इमारतींच्या लिफ्ट त्यांच्या हाताखाली होत्या आणि कामाची वाटणी वीस वर्षांपूर्वीच ठरून गेली होती. दादा गच्चीवरच्या मशीनरूममध्ये स्विचपाशी आणि पान्या लिफ्टच्या टपावर, त्या उभ्या काळोख्या बोगद्यात. पान्या ओरडायचा, "वर घे." दादा वर घ्यायचा. "थांब." दादा थांबवायचा. स्विच चुकला तर टपावरच्या माणसाचं काय होईल हे दोघांनाही ठाऊक होतं, आणि म्हणूनच त्यावर कधी बोलणं झालं नव्हतं.

मग पान्याला ताप आला. चौथ्या दिवशी बोलताना दम लागू लागला, पाचव्या दिवशी त्याला इस्पितळात हलवलं. फुप्फुसांत संसर्ग पसरला होता आणि आजार एकाचा दुसऱ्याला लागणारा होता. बायकोलाही तोच ताप, पण हलका. ती घरातच एका खोलीत अडकून पडली. त्यामुळे इस्पितळाची सगळी धावपळ दादाच्या अंगावर पडली. पान्या तेवीस दिवस आत होता. त्यातले अकरा दिवस घशात नळी, आणि श्वास घ्यायचा तो यंत्राने.

तो वाचला. वजन चौदा किलोंनी उतरलं, आवाज घोगरा झाला, पण वाचला. घरी आला त्या दिवशी इमारतीची लिफ्ट चालू असताना तो जिन्याने निघाला आणि तीन मजल्यांत चार वेळा बसला.

"डॉक्टरांनी व्यायाम सांगितलाय," तो बायकोला म्हणाला.

पुढेही तो जिन्यानेच जाऊ-येऊ लागला. शेजारी थट्टेने म्हणाले, "लिफ्टवाल्यालाच लिफ्टचा भरवसा नाही, मग आम्ही कुणाच्या तोंडाकडे बघायचं?" पान्या हसला. हसायला तेवढा दम आता पुरत होता.

त्या अकरा दिवसांतलं त्याला काहीच आठवत नसणार, असं सगळे धरून चालले होते. पण त्याला आठवत होतं, नको तितकं नीट आठवत होतं. तो एका लिफ्टमध्ये आडवा पडलेला होता. लिफ्ट वर जायची, खाली यायची, मध्येच अडकायची. दर मजल्याला टिंग वाजायचं, पण दार उघडायचं नाही. दोन्ही हात बाजूला बांधलेले. पायथ्याशी दादा उभा, अंगभर पांढरं काहीतरी घातलेला, तोंड झाकलेलं, डोळे मात्र दादाचेच. तो शेजारच्या कुणाला तरी म्हणाला, "सोडा त्याला." आणि लिफ्ट सुटली. दोर तुटल्यावर लिफ्ट कशी सुटेल, हे पान्याने उभ्या जन्मात हजारदा मनात पाहिलं होतं. आता ती त्याला घेऊन सुटली आणि पडतच राहिली.

स्वप्न म्हणावं, तर स्वप्न सकाळी विरतं. हे महिना झाला तरी जागचं हलत नव्हतं. दादाच्या आवाजातली घाईसुद्धा कानात तशीच होती. असं कसं होईल, दादा असं कसं करेल, हे पान्याला कळत होतं. पण घरी आला तेव्हा त्याच्या दोन्ही मनगटांवर काळेनिळे वळ होते. स्वप्नाने काही वळ उठत नाहीत.

तपासणीला गेल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "झोप कशी आहे?"

"छान."

"काही भास, वाईट आठवणी?"

"काही नाही."

छातीचा फोटो स्वच्छ आला होता. डॉक्टर म्हणाले, तुम्ही बरे झालात. बाहेर टेबलापाशी बसलेल्या मुलीने एक कागद पुढे केला. आजारातून उठलेल्यांसाठी दर गुरुवारी बैठक असते, असं त्यावर होतं. पान्याने तो बघितलासुद्धा नाही. बायकोने घडी घालून पर्समध्ये टाकला.

दादा रोज संध्याकाळी कामावरून परस्पर यायचा. जिन्यावरची पावलं ओळखून पान्या डोळे मिटून घ्यायचा. दादा पलंगाशेजारी दहा मिनिटं बसायचा, पांघरूण सारखं करायचा आणि निघून जायचा. वहिनी डबा पाठवायची. पान्या म्हणायचा, भूक नाही. बायको डबा रिकामा करून, घासून परत पाठवायची आणि वरून सांगायची, "यांना फार आवडलं." खोटं बोलायची तिला सवय नव्हती. त्या एका महिन्यात ती चांगलीच तरबेज झाली.

एका रविवारी सकाळी दादा आला तेव्हा पान्या खुर्चीत बसलेला होता. झोपेचं सोंग घ्यायला सवड मिळाली नाही.

"उद्यापासून नुसता येऊन बस," दादा म्हणाला. "मशीनरूममध्ये खुर्ची टाकतो. कामाला हात लावू नकोस. घरात बसून माणूस गंजतो."

"दादा, मला वेगळं व्हायचंय."

"म्हणजे?"

"कामात. तुझं तू बघ, माझं मी बघतो."

दादाने हातातला चहा खाली ठेवला. "माझं काही चुकलं का?"

"तसं नाही."

"मग कसं?"

पान्या खुर्चीच्या हाताचा ढिला स्क्रू नखाने फिरवू लागला. दादा म्हणाला, "आधी अंगात ताकद येऊ दे. मग तू म्हणशील तसं." दारात चपला घालताना त्याने डावी उजव्या पायात घातली, पुन्हा काढली, पुन्हा घातली.

दादा गेल्यावर बायको समोर येऊन बसली. "वीस वर्षं ज्याच्या भरवशावर दोराला लटकलात, त्याच्याशी तुम्ही धड दोन शब्द बोलत नाही. मला काय ते सांगा. नाही सांगणार असाल तर मी जाऊन भावजींनाच विचारते."

ती खरंच विचारेल हे त्याला माहीत होतं. त्याने सांगितलं. सगळं, खिडकीकडे तोंड करून सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "आता म्हण, डोकं फिरलंय."

ती हसली नाही, रडलीही नाही. थोडा विचार करून म्हणाली, "मी तिथे नव्हते. त्यामुळे असं झालंच नाही, हे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही. पण तिथे कोण होतं, ते आपण शोधू शकतो." आणि तिने पर्समधून तो घडीचा कागद काढला.

गुरुवारी ती दोघं गेली. बैठक घेणाऱ्या समुपदेशक बाईंनी पान्याचं सगळं ऐकून घेतलं, मध्ये एकदाही "छे छे" म्हटलं नाही. मग त्यांनी फोन करून आतल्या विभागातल्या एका सिस्टरला बोलावलं. सिस्टर ठेंगणी, दणकट, आणि चालायची अशी की बाजूला व्हावंच लागेल.

"ओळखलंत का?" तिने विचारलं.

"नाही."

"वा. नळी काढल्यावर तुम्ही पहिलं काम काय केलंत, तर मला चावलात." तिने अंगठ्याच्या बुडाची खूण दाखवली. "मी तेव्हाच म्हटलं, हा गडी जगतोय."

तिने त्यांना आत नेलं. कोपऱ्यातला पलंग रिकामा होता. तो तुमचा, ती म्हणाली, आणि कडेचं बटण दाबलं. घुर्र करून पलंगाची डोक्याकडची बाजू वर उचलली गेली. दुसरं बटण दाबताच खाली आली. पलीकडच्या पेशंटच्या यंत्रातून आवाज आला, टिंग. पान्याने पलंगाची दांडी घट्ट धरली. बायकोने त्याला स्टुलावर बसवलं.

"बाहेर जाऊया का?" बाईंनी विचारलं.

"थांबा." कपाळावरचा घाम पुसून तो वाकला आणि पलंगाखाली डोकावला. तिथे एक छोटी मोटर होती. "हिचं ग्रीस संपलंय," तो म्हणाला. "म्हणून अशी घुरघुरते."

"सांगून सांगून थकले मी," सिस्टर म्हणाली.

मग त्याने विचारायचं ते विचारलं. "माझे हात कुणी बांधले होते?"

"मी. तुम्ही गुंगीत दोनदा नळी उपसायला निघाला होतात. ती खरंच निघाली असती तर आज इथे बसून मोटर तपासली नसतीत."

"आणि दादा?"

"तुमचे भाऊ? त्यांनी भांडून नाकी नऊ आणले माझ्या. वीस मिनिटं आत यायची परवानगी, तीही नखशिखांत झाकून. आले, तुमचे हात बघितले आणि सुरू झाले. सोडा त्याला, मी धरतो त्याचे हात, पण सोडा त्याला. शेवटी सोडले मी. वीस मिनिटं तुमचे दोन्ही हात धरून बसले. वेळ संपली की बाहेर जायचे, मी परत बांधायची. रोजचंच झालं होतं."

हे ऐकल्यावर पान्याच्या मनावरचा डोंगर उतरायला हवा होता, पण तसं काही झालं नाही. उलट इतके दिवस निदान राग तरी होता, आता त्या जागी काय ठेवावं ते कळेना.

बाहेर आल्यावर बाई म्हणाल्या, "डोक्याला पटलं तरी अंगाला पटायला वेळ लागतो. एवढ्या मोठ्या आजारात मेंदू मिळेल त्यातून गोष्ट रचतो. आमच्याकडे एक मास्तर येतात, त्यांना वाटायचं आपल्याला जहाजात कोंडलंय. एका आजीबाईंना सून अंगावर सिमेंट ओतताना दिसायची. ते घडलेलं नसतं, पण भीती खरीच बसलेली असते. तुम्ही डॉक्टरांना 'काही नाही' असं का सांगितलंत?"

"वेडा ठरवतील असं वाटलं."

"सगळ्यांना तेच वाटतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर गुरुवार ठेवलाय."

दुसऱ्या दिवशी पान्या एकटाच दादाकडे गेला. दादा एका आठमजली इमारतीच्या मशीनरूममध्ये होता. पान्या आठही मजले जिन्याने चढला, त्यात पाऊण तास गेला. दोन माणसांचं काम एकट्याने होत नव्हतं, म्हणून दादा स्वच्छ असलेली मोटर फडक्याने पुसत बसला होता.

पान्याने उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. दादाचं फडकं थांबलं.

"मी तुला खाली टाकीन असं वाटलं तुला?"

"वाटलं नाही, दादा. दिसलं."

दादाने फडक्याची घडी घातली, पुन्हा उलगडली. "नळी घातल्याच्या नवव्या दिवशी मी तुझ्याकडे आलोच नव्हतो," तो म्हणाला. "डॉक्टर म्हणाले, आजचा दिवस कठीण आहे. मी फाटकापर्यंत आलो आणि तिथेच बसून राहिलो. आत पाऊल टाकवेना. तुझे हात त्या दिवशी कुणी धरले नाहीत. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही. तू वेगळं व्हायचं म्हणालास, तेव्हा वाटलं, याला ते कळलंय."

खालून कुणीतरी ओरडलं, लिफ्ट चालू व्हायला किती वेळ आहे. दादा ओरडला, "होतेय." मग उठून हातमोजे चढवू लागला.

"टपावर आज मी जातो. तू स्विच धर."

"माझे हात थरथरतात."

"स्विचला ताकद लागत नाही. मी म्हणेन तेव्हाच दाब."

"आणि चुकलो तर?"

"तर वहिनी तुला बघून घेईल," दादा म्हणाला आणि जिना उतरून गेला.

वीस वर्षांत दादा टपावर गेला नव्हता. पोट कुठे अडतंय, इथे इतकी धूळ का, कानाशी हे काय लोंबतंय, अशी त्याची कुरकुर वरपर्यंत ऐकू येत होती. पान्या दोन्ही हातांनी स्विच धरून उभा होता. "वर घे," आवाज आला. त्याने वर घेतली. "थांब." थांबवली. तासभर काम चाललं. काम संपलं तेव्हा त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता, पण एकदाही चूक झाली नाही. परत जाताना मात्र तो जिन्यानेच उतरला, आणि दादाही काही न म्हणता त्याच्याबरोबर आठ मजले उतरला.

वेगळं होण्याचा विषय पुन्हा निघाला नाही. पान्या आता रोज चार तास कामावर येतो. लिफ्टमध्ये बसतो, पण बरोबर कुणी असेल तर. टपावर जायला अजून धजत नाही. कधी भरदुपारी टिंग ऐकू येतं आणि सगळं अंग आवळून येतं. मग तो बाईंनी शिकवल्याप्रमाणे भिंतीला तळहात टेकवून उभा राहतो, ओसरेपर्यंत. पूर्वी यायचं त्यापेक्षा आता कमी येतं. गुरुवार त्याने चुकवलेला नाही.

तीन गुरुवारांनंतर दादा म्हणाला, "मीही येतो. मला तशीही झोप लागत नाही." नातेवाइकांची बैठक शेजारच्या खोलीत भरते. दादा तिथे गेला आणि तासाभराने लाल डोळ्यांनी बाहेर आला. आत काय झालं ते त्याने सांगितलं नाही आणि पान्यानेही खोदून विचारलं नाही. फाटकापाशी दादा म्हणाला, पुढच्या गुरुवारी जरा लवकर निघू, पुढची खुर्ची मिळत नाही.