मोहगावची पांढरी धामण

मी धामण बोलतेय. धामण म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पिवळसर तपकिरी अंग येतं. मी मात्र सोललेल्या मुळ्यासारखी पांढरी, डोळे गुंजेसारखे लाल, आणि शेपटीच्या टोकाजवळ एक वाक. मोहगावजवळ पुंडलिकरावांच्या संत्र्याच्या बागेत, पालापाचोळ्याच्या ढिगात मी अंड्यातून बाहेर आले. माझी भावंडं मातीत मिसळून जायची, मी मात्र कुठेही गेले तरी उठून दिसायचे. म्हणून दगडी बांधाच्या फटीतच, बेडकांवर दिवस काढत मी मोठी झाले.

चौऱ्याऐंशी साली संत्र्याची तोड सुरू झाली. पुंडलिकरावांच्या पत्नी शकुबाईंनी रिकाम्या टोपल्या हलवल्या, तर खाली मी. नुकतीच कात टाकून पडले होते.

शकुबाईंनी हात जोडले. "अहो, इकडं या. नागदेव हाय, पांढरा." लगेच वाटीभर दूध माझ्यासमोर आलं. मी त्याला तोंडही लावलं नाही.

पुंडलिकराव काठी घेऊनच आले. "नाग कायचा? फणा कुठं हाय? धामण हाय हे. शेपटीतला काटा पाह्य. म्हशीच्या पायाले वेढा घालून सारं दूध पिऊन टाकते."

"देवावर काठी उगारून राहिले तुम्ही?" शकुबाई आडव्या आल्या.

एकाच घरात मी देवही होते आणि चोरही. शेवटी माझ्यावर टोपली पालथी घातली गेली आणि सौंसरच्या शाळेत जीवशास्त्र शिकवणाऱ्या विजयाबाईंना निरोप गेला.

बाई दुपारच्या बसने आल्या. आधी त्यांनी माझी कात मांडीवर पसरली आणि सुईच्या टोकाने मधल्या भागातल्या खवल्यांच्या रांगा मोजल्या.

"सतरा. नागाला याहून जास्त असतात. ही धामणच आहे. अंगात रंगच तयार होत नाही, म्हणून पांढरी."

"अन् काटा?" पुंडलिकरावांनी विचारलं.

बाईंनी मला फडक्यात अलगद धरलं. "काटा नाही, दादा. अंड्यात असतानाच कणा वाकला. हात लावून पाहा."

पुंडलिकरावांनी काठी खाली ठेवली. त्यांचं बोट माझ्या शेपटीवर टेकलं आणि वाकावरून फिरलं.

"हाड हाय बाप्पा," ते हळूच म्हणाले.

"मंग माही म्हैस?" शकुबाईंची काळजी वेगळीच.

"सापाला दूध ओढता येत नाही, काकू. उंदीर मात्र एक ठेवणार नाही."

पण बाईंच्या मनात शंका होती. वाक शेपटीतच आहे, की पोटाच्या बाजूलाही? तसं असेल तर गिळलेलं पुढे सरकणार नाही. म्हणून महिनाभर मी शाळेच्या काचपेटीत राहिले. पहिला उंदीर गिळला तेव्हा त्याचा फुगवटा कुठवर पोचला, हे बाई रोज वहीत लिहीत. चौथ्या दिवशी माझं पोट सपाट झालं आणि त्या एकट्याच हसल्या.

मला सोडायचं कुठे, हा प्रश्न उरला. उघड्यावर घारीने उचललं असतं. बाई विचारात असतानाच पुंडलिकराव शाळेत हजर झाले.

"बाई, कोठ्यात ज्वारीच्या पोत्यांत उंदीर धुमाकूळ घालून राहिले. आमची धामण वापस द्या."

'आमची' म्हणाले ते. मला फणा असता तर उभारला असता.

कोठा माझं घर झाला. पुढच्या पावसाळ्यात तिथे एक देखणा तपकिरी नर आला आणि मी अकरा अंडी घातली. पिल्लं निघाली तेव्हा बाई मुद्दाम आल्या. अकराही तपकिरी, अकराही सरळ.

शकुबाई हिरमुसल्या. "एकबी आईवर नाही गेलं."

"पांढरेपणा आहे त्यांच्यात, लपलेला," बाई म्हणाल्या. "नातवंडांत निघेल कदाचित."

ती अकरा जणं आता बागेत पांगली आहेत. म्हणून तुम्हाला एवढंच सांगते: बांधाशी कधी वेगळ्या रंगाचं, वाकड्या अंगाचं कुणी दिसलं, तर लांब उभे राहा आणि ओळखणाऱ्याला बोलवा. तोवर हात जोडू नका आणि काठीही उचलू नका.

आता मला रजा द्या. ज्वारीच्या पोत्यांमागे खुडबुड जाणवतेय.