नळीत पडलेलं भजन

“दोन?” डॉक्टरीणबाई यंत्राच्या पडद्यावर वाकल्या. “अहो बुवा, एवढ्याशा लेकराला एकाच वेळी दोन-दोन जंतू कसे?”

बुवा प्रयोगशाळेतले सगळ्यांत जुने तंत्रज्ञ. हात कामात आणि ओठांवर भजन, म्हणून बुवा. काचेच्या बशीत जंतू वाढवायचे, दोन दिवस वाट पाहायची, मग नुसत्या रंगावरून, वासावरून ते जंतूची जात सांगत. बाहेरून पडलेल्या जंतूचा एखादा ठिपका उगवलाच, तर नजरेने ओळखून सोडून देत. नवं यंत्र मात्र जंतूंची जनुकं वाचून तासाभरात नावं सांगे आणि सोडून काहीच देत नसे.

आज चार वर्षांच्या मुलीच्या पाठीतून काढलेलं पाणी तपासायला आलं होतं. ताप मेंदूत शिरल्याचा संशय. तिची मावशी दर दहा मिनिटांनी जिना उतरून दारातून विचारत होती, “कळलं का हो?”

“पहिला जंतू नेहमीचा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “पण हा दुसरा खरा असला, तर जोडीला जालीम औषध द्यावं लागेल. लेकराला झेपेल की नाही, देव जाणे.”

बुवांनी दुसरं नाव वाचलं. माणसाच्या घशात सुखाने नांदणारा जंतू. त्यांचा हात हनुवटीकडे गेला. मास्क तिथेच लोंबत होता.

एकतीस वर्षांत एक चूक नाही. निवृत्तीला दोन महिने. गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला असता?

“बाई, तो दुसरा माझा आहे.”

“म्हणजे?”

“नळी उघडताना गात होतो. तोंड उघडंच होतं.”

बाईंच्या कपाळाला आठी पडली. “पाणी उरलंय?”

“चार थेंब. तोंड बांधून यंत्रात परत लावतो.”

“कळलं का हो?” दारात मावशी.

“चूक माझी झाली, ताई. अजून एक तास द्या.”

त्या तासात बुवा खुर्चीवर टेकलेसुद्धा नाहीत. मग पडद्यावर नाव उमटलं. एकच. पहिलं.

“नेहमीचंच औषध, लगेच सुरू करा!” बाईंनी वर वॉर्डात फोन केला. मावशी दोन-दोन पायऱ्या चढत पळाली.

“काय बुवा,” बाई आता हसत होत्या, “यंत्रानेसुद्धा तुमचा गळा ओळखला!”

“एकतीस वर्षांत पहिलीच दाद, बाई.”

पुढची नळी आली. बुवांनी मास्क नाकापर्यंत ओढून घट्ट बांधला. खोलीत फ्रीजची घरघर पहिल्यांदाच ऐकू येत होती. टेबलाखाली त्यांचा उजवा पाय तेवढा ठेका धरून होता.